लॉगिनच्या दारात मुका होणारा वायरलेस कीबोर्ड

तुम्ही हे बहुतेक मोबाईलवर वाचताय. समोर कॉम्प्युटर पासवर्ड मागतोय आणि कीबोर्ड ढिम्म आहे. म्हणून आधी आत कसं जायचं ते सांगतो, कारण नंतर शोधू.

माउस चालतोय ना? मग पडद्यावर कुठेही एक क्लिक करा. चित्र सरकेल आणि पासवर्डची चौकट येईल. उजवीकडे खाली कोपऱ्यात बारीक चिन्हं दिसतील. एक नेटचं, एक पॉवरचं आणि त्यांच्या शेजारी माणसाच्या आकृतीचं. विंडोज १० मध्ये हेच चिन्ह जरा घड्याळासारखं दिसतं. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते, तिच्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड आहे. तो चालू करा आणि माउसने एकेक अक्षर टिपत पासवर्ड भरा. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असेल तर मॉनिटर थोडा वळवून घ्या, कारण या पद्धतीत कोणतं बटण दाबताय ते सगळ्या दुकानाला दिसतं.

माउसही मेला असेल तर डोंगल, म्हणजे यूएसबीत लावलेला कीबोर्डचा छोटा रिसीव्हर, काढून दुसऱ्या पोर्टमध्ये लावा आणि दहा सेकंद थांबा. तेवढ्याने भागलं नाही तर शेजारच्या दुकानातून वायरचा कीबोर्ड मागून आणा. तोही मिळाला नाही तर पॉवरचं बटण एकदाच, हलक्या हाताने दाबा. बहुतेक मशीन त्याने रीतसर बंद होतात किंवा झोपतात. बटण दाबून धरून मशीनचा गळा आवळणं हा शेवटचा उपाय आहे.

आत गेलात? आता बसून बोलू.

सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करताना हे दुखणं मी इतक्यांदा बघितलंय की फोनवरचं पहिलं वाक्य आता पाठ झालंय. "कीबोर्ड गेला, नवीन घेऊन या." नवीन कीबोर्ड विकण्यात माझे चार पैसे सुटतात, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा आहे. पण खरं सांगायचं तर लॉगिनला न चालणारा आणि आत गेल्यावर नीट चालणारा कीबोर्ड सहसा बिघडलेला नसतो. त्याचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं कुठल्यातरी एका क्षणी तुटलेलं असतं. तो क्षण कोणता, एवढं सापडलं की निम्मं काम झालं. म्हणून मी गिऱ्हाईकाला कंपनी विचारत नाही, किंमत विचारत नाही. विचारतो ते एवढंच: नक्की कधी चालत नाही?

या प्रश्नाचं उत्तर शंभरातले नव्वद जण "चालतच नाही ओ" असं देतात. मग खोदून विचारावं लागतं. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर की जेवून आल्यावर? रिस्टार्ट मारल्यावर चालतो का? एकही अक्षर उमटत नाही, की अक्षरं उमटतात पण पासवर्ड चुकीचा म्हणतो? माउस त्याच डोंगलवर आहे का?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण लाखमोलाचा आहे. कीबोर्ड-माउसची जोडी एकाच डोंगलवर असेल, माउस पळतोय आणि कीबोर्ड गप्प आहे, तर डोंगल आणि पोर्ट यांना दोष देऊ नका. आधी कीबोर्डचे सेल बघा, पोटावरचा चालू-बंदचा खटका बघा. दोघंही गप्प असतील तर मात्र संशय डोंगल, पोर्ट आणि विंडोज यांच्यावर.

खटक्याचं हसू नका. पुसायला कीबोर्ड उलटा केला आणि फडक्याने खटका सरकला, एवढ्यासाठी मी दोनदा होटगी रोडपर्यंत गाडी मारली आहे.

आता एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात या दुखण्याच्या दोन वेगळ्या जाती एकमेकींच्या पाठीमागे लपल्या होत्या.

चादरी आणि टॉवेलचा ठोक व्यापार करणारं एक ऑफिस. खाली गोडाऊन, वर दोन टेबलं. मालक वयस्कर, घरात तेलुगू आणि दुकानात मराठी बोलणारे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हिशेब बघणारे एक काका. टेबलावर एक डेस्कटॉप, डोंगलवाला कीबोर्ड आणि वायरचा माउस. तक्रार अशी: रोज सकाळी लॉगिनला कीबोर्ड बंद. माउसने कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावरून रिस्टार्ट दिलं की दुसऱ्या वेळी चालतो. काकांनी हे इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की मशीन दोनदा चालू करायचं असतं अशीच त्यांची समजूत झाली होती. पहिल्यांदा उदबत्तीसाठी, दुसऱ्यांदा कामासाठी.

रिस्टार्टने बरा होतो आणि शटडाऊननंतर बिघडतो, ही खूण फार बोलकी आहे. आपल्याला वाटतं शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद आणि रिस्टार्ट म्हणजे नुसतं उठबस. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते बरोबर उलटं झालंय. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असेल तर शटडाऊन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की ते लिहिलेलं परत मेमरीत ओतायचं, म्हणून मशीन पटकन चालू होतं. रिस्टार्टमध्ये मात्र असं काही जपून ठेवत नाहीत, सगळं मुळापासून सुरू होतं. आता रात्रीची स्थिती सकाळी परत ओतताना यूएसबीवरचं एखादं उपकरण नीट जागं झालं नाही, तर विंडोजच्या लेखी ते आहे आणि प्रत्यक्षात ते गप्प आहे.

काकांना हे पटेना. "मी रोज बंद करून जातो ओ, लाईटबिल येतं." मग दुसऱ्या दिवशी सकाळी रिस्टार्ट न देता, माउसनेच पासवर्ड भरून मी टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूवर क्लिक केलं आणि खाली अप टाइम दाखवला. तिथे जवळजवळ एका दिवसाचा आकडा होता, आदल्या सकाळच्या रिस्टार्टपासूनचा. आदल्या संध्याकाळी बंद केलेलं मशीन स्वतःच्या हिशेबात रात्रभर झोपलंच नव्हतं. काका चष्मा कपाळावर ढकलून तो सरकणारा सेकंदाचा आकडा बराच वेळ बघत होते. हिशेबाच्या माणसाला आकडा दाखवला की वाद संपतो.

उपाय असा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं लिहिलेलं असतं, तिथे जा. खालच्या चौकटी आधी पुसट दिसतात, कारण त्या कुलूपबंद असतात. वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर क्लिक केलं की त्या जिवंत होतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. ती ओळच दिसत नसेल तर त्या मशीनवर हायबरनेट बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही नाही, आणि तुमचं कारण दुसरं आहे. या सोयीवाचून मशीन चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात. एसएसडी असेल तर ते जाणवतही नाही.

इथे एक गल्लत होते म्हणून सांगतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, फास्ट बूट नावाची वेगळी गोष्ट असते. तिचा विंडोजच्या फास्ट स्टार्टअपशी संबंध नाही. ती चालू असली की मदरबोर्ड सुरुवातीची तपासणी उरकती घेतो, आणि काही बोर्डांवर त्या घाईत यूएसबी मागे पडतं. विंडोज येण्याआधी, डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जातानाच कीबोर्ड चालत नसेल तर ही बघायची. शेजारी यूएसबी लेगसी सपोर्ट असेल तर तोही चालू ठेवा.

अण्णांचं काम झालं. चहा झाला. दोन आठवडे फोन नाही.

मग एका सोमवारी फोन. "ते तुमचं परत सुरू झालं." 'तुमचं' हा शब्द ऐकूनच कळतं की आता हे पैसे देणार नाहीत.

पण या वेळी लक्षण वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे फोनवर मला कळलं नाही, ही माझी चूक. कीबोर्ड पूर्ण बंद नव्हता. अक्षरं उमटत होती, पासवर्ड मात्र चुकीचा म्हणत होता. तेही फक्त सोमवारी, आणि अकरापर्यंत आपोआप बरं. काकांनी त्यावर सिद्धांतही मांडला होता: "सकाळी गार असतो. तापला की चालतो." सोलापुरात मे महिन्यात सकाळी गार राहणारी वस्तू कोणती, हे मला त्यांच्याकडून शिकायचं होतं, पण मी गप्प बसलो.

मला वाटलं मेन स्विच. रविवारी ऑफिस बंद, शनिवारी रात्री मेन स्विच पाडून जातात. एरवी मशीन शटडाऊन असलं तरी भिंतीतली वीज चालू असते, आणि बऱ्याच बोर्डांवर यूएसबी पोर्टला ५ व्होल्ट मिळत राहतात. म्हणून तर बंद मशीनच्या माउसचा लाल दिवा रात्रभर जळतो. मेन पाडला की डोंगलही उपाशी. म्हणजे सोमवारी काहीतरी वेगळं घडतं खरं. या तर्कावर मी एक अख्खी सकाळ घालवली. चारदा मेन पाडला, चारदा चालू केला, गोडाऊनमधले पंखे बंद पडल्यामुळे हमालांच्या शिव्या खाल्ल्या, आणि कीबोर्ड चारही वेळा व्यवस्थित चालला.

पुढच्या सोमवारी नऊच्या आधी जाऊन बसलो. काकांना म्हटलं, तुम्ही रोजच्यासारखं करा, मी नुसतं बघतो. त्यांनी पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा मी त्यांची बोटं सोडून पडद्यावरचे ठिपके मोजले. पासवर्ड दहा अक्षरांचा. बटणं दहा वेळा वाजली. ठिपके सात.

तीन अक्षरं टेबल आणि डोंगल यांच्यामध्ये कुठेतरी हवेत विरली होती. ती पडद्यावर दिसत नाहीत, कारण पासवर्डच्या चौकटीत सगळी अक्षरं ठिपक्यांसारखीच दिसतात. एक्सेलमध्ये 'सोलापूर'चं 'सोलार' झालं तर माणूस लगेच म्हणतो, कीबोर्ड अक्षरं खातोय. लॉगिनला तो म्हणतो, पासवर्ड कोणी बदलला?

मग खाली वाकून सीपीयूच्या मागे बघितलं. डोंगलच्या अगदी शेजारच्या निळ्या, म्हणजे वेगवान यूएसबी ३ च्या, पोर्टमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्क. शनिवारी संध्याकाळी काका टॅलीचा बॅकअप घ्यायचे, डिस्क तशीच ठेवून मेन पाडून जायचे, आणि सोमवारी कसंतरी आत शिरल्यावर सवडीने, अकराच्या सुमाराला, ती काढून कपाटात ठेवायचे. कीबोर्ड तापून बरा होत नव्हता. डिस्क निघाली की बरा होत होता.

यामागचं कारण जुनं आणि जाहीर आहे. असले वायरलेस कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३ सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने चालतं, आणि त्या वेगाच्या संदेशांचा रेडिओ गोंगाट नेमका या पट्ट्यावरही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपणच काढलं होतं: यूएसबी ३ चं उपकरण, त्याची वायर आणि पोर्ट यांच्यातून निघणारा गोंगाट जवळच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला बहिरा करतो. तुमची डिस्क बिघडलेली नाही, कीबोर्डही नाही. दोघांना फक्त शेजारी बसवू नका. लग्नाच्या पंगतीत दोन भाऊबंदांना जसं लांब बसवतात, तसं.

डोंगल समोरच्या काळ्या पोर्टात लावलं तरी बऱ्याचदा भागतं. पण अण्णांकडे सीपीयू लोखंडी टेबलाच्या खाली, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून. म्हणून यूएसबीची एक्स्टेंशन वायर आणली, साधारण हातभर लांबीची, शे-दीडशे रुपयांची, आणि डोंगल टेबलावर कीबोर्डच्या समोर आणून चिकटपट्टीने बसवलं. डिस्क जागच्या जागी ठेवून परत पासवर्ड टाकायला लावला. दहा बटणं, दहा ठिपके.

या ठिपक्यांच्या मोजणीवर माझा फार विश्वास बसलाय. ठिपके शून्य असतील तर कीबोर्डचं म्हणणं कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. ठिपके कमी असतील तर रस्त्यात गळती आहे. आणि ठिपके बरोबर, तरी पासवर्ड चुकीचा? मग रेडिओ, सेल, डोंगल सगळं सोडून द्या. अक्षरं पोचताहेत, फक्त ती वेगळी अक्षरं आहेत.

वेगळी कशी, तर आपल्याकडचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे मराठी. ज्या मशीनवर अर्ज, पावत्या, पत्रं मराठीत टाइप होतात, तिथे इन्स्क्रिप्ट लेआउट, म्हणजे बटणांची देवनागरी मांडणी, असतो. लॉगिनच्या पडद्यालाही तोच लागू झाला असेल तर तुम्ही 'के' दाबता आणि कॉम्प्युटरला 'क' मिळतो. ठिपका मात्र ठिपकाच. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह येतं, ते दाबून धरा, आत काय उमटलंय ते दिसेल. देवनागरी दिसलं तर कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवर क्लिक करून इंग्रजी निवडा, किंवा विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा. चौकात एका झेरॉक्स-टायपिंगवाल्याचं मशीन दुसऱ्याने याच कारणासाठी फॉरमॅट मारलं होतं. त्यातली लग्नपत्रिकांची सगळी डिझाइन्स गेली. ऐन लग्नसराईत.

पिन आकड्यांचा असेल आणि तुम्ही उजवीकडच्या नंबरपॅडवरून टाकत असाल तर नम लॉक बघा. बऱ्याच वायरलेस कीबोर्डांवर सेल वाचवायला नम लॉकचा दिवाच दिलेला नसतो, त्यामुळे तो बंद आहे हे कळत नाही. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी टाकून बघा. चालला तर कीबोर्डला नमस्कार करा आणि नम लॉक एकदा दाबा.

तिसरं एक चमत्कारिक कारण आहे, ते वहीखातं घालणाऱ्यांच्या टेबलावर भेटतं. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबलेलं राहिलं की विंडोज फिल्टर कीज चालू करायचं का विचारतं, आणि होकार गेला की ती चालू होतात. ती सोय थरथरत्या हातांसाठी आहे: झटकन दाबून सोडलेलं बटण मोजायचं नाही, थोडा वेळ दाबून धरलेलं मोजायचं. कीबोर्डवर जाड रजिस्टर ठेवून माणूस जेवायला गेला की हे घडू शकतं. परत आल्यावर त्याला वाटतं कीबोर्ड मेला. एखादं बटण सावकाश, दोनेक सेकंद दाबून बघा. ठिपका आला तर हेच. मघाच्या माणसाच्या आकृतीच्या यादीत फिल्टर कीज बंद करायची जागा आहे.

आता ब्लूटूथवाले. यांचं दुखणं वेगळं आहे, आणि 'वायरलेस' या एका शब्दाखाली दोन्ही ढकलल्याने बराच गोंधळ होतो. डोंगलवाल्या कीबोर्डची जोडी डोंगलशी असते. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते डोंगल म्हणजे साधा यूएसबी कीबोर्ड, म्हणून तो बायोसमध्येही चालतो आणि त्याला ड्रायव्हरची सीडी लागत नाही. ब्लूटूथ कीबोर्डची जोडी मात्र विंडोजशी असते. विंडोज उठायच्या आधी बहुतेक डेस्कटॉपना ब्लूटूथ म्हणजे काय ते माहीत नसतं. त्यामुळे बायोसमध्ये, किंवा डिस्कला बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाचा, पिन लावलेला असेल तर त्या निळ्या पडद्यावर, ब्लूटूथ कीबोर्डकडून अपेक्षा ठेवू नका. तो बिघाड नाही. तिथे वायर किंवा डोंगलच लागणार.

विंडोजच्या लॉगिनला मात्र ब्लूटूथ कीबोर्ड चालायला हवा. फक्त त्याला जरा अवधी द्या. पडदा आल्यावर एखादं बटण दाबून पाच-दहा सेकंद थांबा. झोपलेला कीबोर्ड जागा होऊन परत हात मिळवतो, आणि त्या अवधीत दाबलेली पहिली अक्षरं वाया जातात. ब्लूटूथ लॅपटॉपच्या आत असेल आणि झोपेतून उठल्यावरच त्रास होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या अडॅप्टरवर जा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी दिलेली असते, ती खूण काढा. डोंगलवाल्यांनी हेच यूएसबी रूट हबवर करावं. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे, तोही बंद करून बघावा. जेवून आल्यावर चालत नाही, अशी तक्रार असेल तर इथूनच सुरुवात करा.

जुळे सोलापुरात माझी आत्या राहते. निवृत्त शिक्षिका. तिच्याकडे तीन उपकरणांना जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड आहे, वर एक-दोन-तीन अशी बटणं. एका दुपारी फोन आला.

"अरे, पासवर्ड घेतच नाही हा."

"आत्या, ठिपके दिसतात का?"

"एकही नाही. आणि मी नीट टाकतेय रे, चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, मला अक्षर चुकतंय असं म्हणू नकोस."

गेलो. सेल नवे, ब्लूटूथ चालू. मी बटणं दाबतोय आणि आतल्या खोलीतून नातीचा आवाज, "आजी, टॅबवर आपोआप काहीतरी लिहून येतंय!" नातीने सकाळी शाळेचा प्रकल्प टाइप करायला कीबोर्ड दोन नंबरवर, म्हणजे तिच्या टॅबवर घेतला होता. टॅबवर उघडलेल्या वहीत, प्रकल्पाच्या मधोमध, आत्याचा बँकेपासून सगळीकडे चालणारा एकुलता एक पासवर्ड पाच वेळा नीटनेटका लिहिलेला होता. एक नंबरचं बटण दाबलं, काम झालं. पासवर्ड मात्र त्याच संध्याकाळी बदलायला लावला. आत्या म्हणाली, घरातल्याच पोरीने वाचला तर काय झालं. त्या पोरीने तो प्रकल्प तसाच शाळेच्या ग्रुपवर टाकला असता, हे मी तिला सांगितलं.

इंजिनिअरिंगच्या पोरांची अडचण आणखी निराळी. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही, आणि ब्लूटूथ कीबोर्ड एकावेळी एकाच बाजूला चालतो. कारण दोन्हीकडे ब्लूटूथचा अडॅप्टर तोच. कीबोर्डला वाटतं एकच मशीन आहे, म्हणून उबंटूत नवी जोडी जमवली की विंडोजची जुनी किल्ली तो फेकून देतो. यावर किल्ल्या हाताने जुळवायची युक्ती आहे, पण ती करण्यापेक्षा कीबोर्डवर एक आणि दोन अशा वेगळ्या जागा असतील तर दोन्हीकडे वेगळी जागा वापरावी. नुसतं लिनक्स असेल आणि लॉगिनला ब्लूटूथच चालू होत नसेल तर ब्लूटूथच्या मेन कॉन्फ फाइलमध्ये ऑटोएनेबल हे ट्रू आहे का बघा. ब्लूझेडच्या, म्हणजे लिनक्समधल्या ब्लूटूथ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, ५.६५ आवृत्तीपासून ते मुळातच चालू असतं, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते हाताने करावं लागे.

सेलबद्दल थोडं. बाजारात सेल म्हटलं की घड्याळातला साधा सेल हातात ठेवतात. कीबोर्डला अल्कलाइन घ्या. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि साधा १.५ चा, म्हणून काही कीबोर्ड भरलेल्या रिचार्जेबल सेललाही संपत आलाय म्हणतात. त्याने घाबरायचं कारण नाही. एक जुना, एक नवा असं मिश्रण मात्र करू नका. झाकण उघडल्यावर अल्कलाइन सेलच्या टोकाला पांढरी खरखरीत पूड दिसली तर सेल गळलाय. सेल काढा, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन पत्रा पुसा, नीट वाळवा. स्प्रिंग हिरवी-काळी होऊन तुटली नसेल तर कीबोर्ड वाचतो.

आणि यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. कापसाची बारीक धूळ यूएसबीच्या तोंडात अशी घट्ट बसते की डोंगल अर्धवटच आत जातं. मशीन बंद करून, लाकडी टूथपिकने हलकेच ओढून काढा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका पोर्टमधून मी उशीला पुरेल एवढा कापूस काढलाय, असं सांगायची माझी सवय आहे. खरं म्हणजे दिव्याची एक वात होईल एवढा होता.

इतकं करूनही कोडं सुटलं नाही तर डोंगल मोबाईलला लावा. ओटीजीचा छोटा जोड मोबाईलच्या कुठल्याही दुकानात मिळतो. डोंगल त्यात घाला, मोबाईलवर मेसेजची चौकट उघडा आणि कीबोर्डवरून एक सबंध वाक्य टाइप करा. सगळी अक्षरं आली तर कीबोर्ड, सेल आणि डोंगल तिघंही ठणठणीत, दुखणं मशीनमध्ये आहे. मोबाईलवरही गप्प राहिला आणि सेल नवे असतील, तर मात्र खरंच नवीन कीबोर्ड घ्या. मी आणून देतो.

अण्णांच्या ऑफिसात परवा सहज डोकावलो. सीपीयूच्या मागच्या निळ्या पोर्टावर काकांनी कागदाची पट्टी चिकटवली आहे, हिशेबाच्या वळणदार अक्षरात: 'येथे डोंगल लावू नये.' डोंगल टेबलावर आहे. त्याच्या अगदी कुशीत, नव्या एक्स्टेंशन वायरच्या बाजूने, काकांनी आता हार्ड डिस्क आणून ठेवली आहे, वाकायला नको म्हणून. डिस्क उचलून मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, शेंगा चटणीच्या बरणीपाशी ठेवली.